मुलांचा मोबाईल: हिसकावून न घेता घरात नियम कसे लावायचे?

"मोबाईल फार बघतो" अशी तक्रार घेऊन माझ्या दवाखान्यात सहसा कुणी येत नाही. तक्रार वेगळीच असते. "लेकरू जेवतच नाही, काहीतरी टॉनिक द्या." "दोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही." "रोज डोकं दुखतं म्हणतो, अभ्यासाचं टेन्शन असेल का?" "रात्रभर झोपत नाही आणि सकाळी उठत नाही." तपासणी करताना चार प्रश्न विचारले की मोबाईलचा विषय निघतो. मग आई वडिलांकडे बघते, वडील आजीकडे बघतात आणि मुलगा खाली बघतो.

यात दोष कुणा एकाचा नाही. घरात सैपाक चालू असताना, शेतात सोयाबीनची काढणी चालू असताना किंवा दुकानात गिऱ्हाईक असताना मूल शांत बसवायला मोबाईल हा सगळ्यात सोपा उपाय असतो. करोनाच्या काळात तर शाळाच मोबाईलवर आली आणि ज्या घरांत मुलांच्या हाती फोन नव्हता तिथेही तो आला. आता तो परत कसा घ्यायचा, की घ्यायचाच नाही, हा प्रश्न नांदेड-लातूरच्या जवळजवळ प्रत्येक घरात आहे.

या लेखात आपण वयानुसार काय योग्य, कोणत्या लक्षणांकडे लक्ष द्यावे, घरात नियम कसे लावावेत आणि मदत कुठे मिळते हे पाहू.

आधी हे पाहा: मोबाईलने कशाची जागा घेतली?

पालक पहिला प्रश्न विचारतात, "किती तास चालेल?" तासांना महत्त्व आहेच, पण त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: मोबाईलमुळे मुलाच्या दिवसातून काय निघून गेले?

मुलाच्या वाढीला पाच गोष्टी लागतात. पुरेशी झोप, घराबाहेरचा खेळ, नीट जेवण, घरच्या माणसांशी बोलणे आणि अभ्यास. या पाचही गोष्टी जागेवर असतील आणि मूल त्यानंतर अर्धा तास कार्टून बघत असेल, तर काळजीचे कारण नाही. पण यांपैकी दोन-तीन गोष्टी कमी झाल्या असतील, तर घड्याळात एकच तास दिसत असला तरी तो जास्त आहे.

सगळा स्क्रीनचा वेळ सारखाही नसतो. ऊसतोडीला गेलेले आई-वडील संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतात आणि आजीजवळ राहिलेले लेकरू त्यांना बघून हसते, हा चांगला वापर आहे. गणिताचे न समजलेले उदाहरण व्हिडिओवर पाहून सोडवणे हाही चांगला वापर आहे. एकटे बसून एकामागून एक रील सरकवत राहणे ही वेगळी गोष्ट आहे.

रील सोडवत का नाहीत, हेही समजून घ्या. पुढची रील मजेची निघेल की कंटाळवाणी, हे आधी माहीत नसते. कधीतरी एखादी फार आवडते आणि त्या आशेवर बोट पुढे सरकत राहते. त्यात एक संपताच दुसरी आपोआप सुरू होते, त्यामुळे थांबण्याची जागाच येत नाही. मोठ्या माणसांनाही तिथे थांबणे जड जाते. मग दहा वर्षांच्या मुलाकडून "आपलं आपण बंद कर" ही अपेक्षा फार मोठी आहे. ती मर्यादा आपल्यालाच बाहेरून घालून द्यावी लागते.

वयानुसार किती?

भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना (इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स) आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मार्गदर्शक सूचनांचा सारांश असा:

• २ वर्षांपर्यंत: स्क्रीन अजिबात नको. नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल चालेल.
• २ ते ५ वर्षे: दिवसाला जास्तीत जास्त १ तास. त्याहून कमी असेल तर उत्तम. सोबत मोठे माणूस बसलेले असावे.
• ५ ते १० वर्षे: दिवसाला २ तासांपेक्षा कमी. टीव्ही, मोबाईल, टॅब सगळे मिळून.
• १० ते १८ वर्षे: ठरावीक आकडा नाही. झोप, रोजचा किमान १ तास व्यायाम किंवा खेळ, अभ्यास, जेवण आणि घरच्यांसोबतचा वेळ हे सगळे झाल्यावर उरलेल्या वेळात.

या मर्यादा आहेत, ते गाठायचे उद्दिष्ट नाही. मुलाला आज १ तास मोबाईल मिळाला नाही म्हणून त्याचे काही नुकसान होत नाही.

लहान मुले: जेवण आणि बोलणे

"मोबाईल दिल्याशिवाय घासच घेत नाही" ही आमच्याकडची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. मोबाईल बघत असलेले मूल तोंड उघडते, गिळते, पण आपण काय खातो आणि पोट भरले का, याकडे त्याचे लक्ष नसते. काही मुले गरजेपेक्षा जास्त खातात. काही मुले घास गालात धरून बसतात आणि जेवण तासभर चालते. दोन्हीमध्ये भूक ओळखण्याची सवय लागत नाही.

यावर टॉनिक हा उपाय नाही. असे करून पाहा:

१. जेवणाच्या आधी दोन तास बिस्किट, कुरकुरे, दूध देऊ नका. भूक लागू द्या.
२. मुलाला घरच्यांसोबत पंगतीला बसवा. ताटात थोडेच वाढा. वरणात कुस्करलेली भाकरी त्याला स्वतःच्या हाताने खाऊ द्या. सांडले तर सांडू द्या.
३. अर्ध्या तासात जेवण संपवा. नाही खाल्ले तर रागावू नका, ताट उचला. पुढच्या जेवणापर्यंत मध्ये काही देऊ नका, फक्त पाणी द्या.
४. घरातल्या सगळ्यांचे फोन जेवताना दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहिले तीन-चार दिवस रडारड होते. आजी-आजोबांचा जीव वरखाली होतो आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी हळूच मोबाईल काढून देते. तिथेच सगळे फसते. कारण मूल एवढेच शिकते की तीन दिवस रडले की मोबाईल मिळतो. म्हणून सुरुवात करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून ठरवा. निरोगी मूल दोन-चार वेळा कमी जेवले तर त्याला काही होत नाही. मात्र मुलाचे वजन वाढत नसेल, ते सुस्त असेल किंवा वारंवार आजारी पडत असेल, तर हा प्रयोग करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदी सोबत आणा.

दुसरी तक्रार बोलण्याची. मूल बोलायला शिकते ते समोरच्या माणसाकडून. आपण "काऊ आला बघ" म्हणतो, ते बघते, काहीतरी आवाज काढते, आपण हसून उत्तर देतो. ही देवाणघेवाण दिवसातून शेकडो वेळा व्हावी लागते. मोबाईल एकतर्फी बोलतो, उत्तराची वाट बघत नाही. म्हणून काही मुलांना इंग्रजी बालगीते पाठ असतात, पण "पाणी दे" म्हणता येत नाही.

इथे एक इशारा द्यायला हवा. सध्या व्हॉट्सअॅपवर "व्हर्च्युअल ऑटिझम" हा शब्द फिरतो. मोबाईलमुळे ऑटिझम होतो आणि मोबाईल बंद केला की बरा होतो, असा त्याचा अर्थ लोक घेतात. हे मान्यताप्राप्त निदान नाही. ऑटिझम हा मेंदूच्या वाढीतला जन्मजात फरक आहे, तो आईने मोबाईल दिला म्हणून होत नाही. मोबाईल बंद करणे चांगलेच, पण त्यावर विसंबून सहा महिने वाट बघू नका. खालीलपैकी काही दिसल्यास लगेच तपासणी करा:

• १२ महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणे किंवा टाटा करणे नाही
• १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही
• २ वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही
• नावाने हाक मारल्यावर वळत नाही, नजरेला नजर देत नाही
• येत असलेले शब्द बोलणे बंद झाले

सगळ्यात आधी कानाची तपासणी होते, कारण ऐकू कमी येणे हेही मोठे कारण असते. सरकारी व्यवस्थेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी करते आणि गरज असल्यास जिल्हा स्तरावरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. "मुलगा आहे, उशिरा बोलेल, याचा बापही उशिराच बोलला होता" या वाक्यात मौल्यवान वर्षे जातात.

शाळकरी मुले: डोळे, वजन आणि बाबांचा फोन

डोकेदुखीची तक्रार घेऊन आलेल्या शाळकरी मुलांत मी आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगतो. मोबाईल बघताना पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. जवळचे बराच वेळ बघणे आणि घराबाहेरचा उजेड कमी मिळणे या दोन्हींचा दूरचे कमी दिसण्याशी संबंध आढळला आहे. रोज दीड-दोन तास बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये हा नंबर लागण्याचे प्रमाण कमी दिसते.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि मुलांना दुपारभर घरात ठेवावेच लागते. सुट्टीत मोबाईल वाढतो तो यामुळेच. म्हणून उन्हाळ्यात दिवसाची आखणी उलटी करा. सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर मुले बाहेर, दुपारी घरात. दुपारसाठी कॅरम, पत्ते, सागरगोटे, चित्रकला, गोष्टीची पुस्तके, सैपाकात मदत असे काहीतरी हाताशी ठेवा. मोबाईल द्यायचाच असेल तर दुपारचा एक ठरलेला तास द्या.

डोळ्यांसाठी एक सोपा नियम आहे. दर २० मिनिटांनी, २० फूट लांबची वस्तू, २० सेकंद बघायची. फोन नाकाला लावून, आडवे पडून किंवा अंधारात बघू देऊ नका. शक्य असेल तेव्हा व्हिडिओ टीव्हीवर लावा. तो लांब असतो आणि मूल काय बघते तेही सगळ्यांना दिसते.

आपल्याकडच्या पुष्कळ घरांत मुलाचा स्वतःचा फोन नसतो. बाबा कामावरून आले की त्यांचा फोन मुलांकडे जातो. अशा वेळी हे करा:

• फोनला आणि पैशांच्या अॅपला वेगवेगळा पिन ठेवा. तो मुलांना सांगू नका. खेळातल्या खरेदीत खात्यातले पैसे गेल्याच्या तक्रारी येतात.
• यूट्यूबवर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा.
• लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स वापरा. गूगलचे फॅमिली लिंक हे मोफत अॅप वापरून वेळेची मर्यादा आणि अॅपची परवानगी तुमच्या फोनवरून ठरवता येते.
• मोठ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय येते हे आठवा. तोच फोन मुलाच्या हातात जातो.

किशोरवयीन मुले: झोप, रील आणि नीटची तयारी

लातूरचा ट्यूशन एरिया असो की नांदेडचे भाग्यनगर-श्यामनगर, अकरावी-बारावीची हजारो मुले घर सोडून खोली, मेस आणि अभ्यासिका यांत दिवस काढतात. त्यांच्याकडून फोन काढून घेणे शक्य नाही. वर्गाची सूचना, चाचणीचा निकाल, शंकांचे व्हिडिओ आणि घरच्यांचा फोन, सगळे त्यातच येते.

या मुलांच्या तक्रारी बहुधा सारख्याच असतात. डोके जड, आम्लपित्त, लक्ष लागत नाही, चाचणीत गुण घसरले. "कधी झोपतोस?" विचारले की "बाराला" म्हणतो. "फोन कधी ठेवतोस?" विचारले की थोडा थांबून "दोन-अडीचला" म्हणतो. दिवसभर बारा तास पुस्तकात घातल्यावर रात्रीचा तोच एक वेळ त्याला स्वतःचा वाटतो. तो आळशी नसतो, थकलेला असतो.

१३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसण्याचे काम झोपेत होते. म्हणजे रात्री दोन तास झोप कापून रील पाहणारा विद्यार्थी फक्त झोप घालवत नाही, दिवसभराच्या अभ्यासाचाही काही भाग घालवतो. मुलांना "मोबाईल वाईट" सांगण्यापेक्षा हे सांगितलेले लवकर पटते.

खोलीवर राहणाऱ्या मुलांसाठी माझा सल्ला:

१. एक साधे गजराचे घड्याळ विकत घ्या. "गजरासाठी फोन उशाशी लागतो" ही सबब संपते.
२. झोपण्याच्या एक तास आधी फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावा. खोलीतल्या दोघा-तिघांनी मिळून हे ठरवले तर टिकते.
३. रील पाहायच्याच असतील तर संध्याकाळी, जेवणाआधी, अर्धा तास. अंथरुणात नाही.
४. अभ्यासाच्या वेळी सूचनांचे आवाज बंद. व्हिडिओने शिकताना वही-पेन हातात हवे.
५. घरच्यांनी रात्री अकराला फोन करून गुण विचारू नयेत. संध्याकाळी ठरलेल्या वेळी बोला आणि पहिला प्रश्न "जेवलास का?" हा असू द्या.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. सतत सुंदर चेहरे आणि बारीक अंगकाठी बघून स्वतःच्या रंगाविषयी, वजनाविषयी न्यूनगंड येतो. जेवण टाळणे, वारंवार स्वतःचे फोटो काढून पुसणे, घराबाहेर जाणे टाळणे असे दिसले तर तिच्याशी बोला, टोमणे मारू नका.

सवय, अति वापर आणि व्यसन यांत फरक काय?

"माझ्या मुलाला मोबाईलचं व्यसन लागलंय" असे पालक सहज म्हणतात. बहुतेक वेळा ती वाईट सवय असते आणि घरच्या नियमांनी सुटते.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या ११ व्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गेमिंग डिसॉर्डर या आजाराचा समावेश केला असून हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तीन गोष्टी पाहतात. खेळण्यावर ताबा राहत नाही. खेळ बाकी सगळ्या गोष्टींच्या वर जातो. नुकसान होत असूनही खेळणे चालूच राहते किंवा वाढते. याचा शिक्षणावर, घरातल्या संबंधांवर ठळक परिणाम झालेला असतो आणि साधारण १२ महिने हे चाललेले असते. लक्षणे तीव्र असतील तर त्याआधीही निदान होऊ शकते.

अति वापराच्या मागे कधी कधी दुसरेच दुखणे असते. उदासी, भीती, शाळेतली छळवणूक, अभ्यास न समजणे, लक्ष न लागण्याचा आजार, घरातली भांडणे. अशा वेळी फोन काढून घेतला तरी मूळ दुखणे तसेच राहते. म्हणून "किती वेळ बघतो?" इतकेच "कशापासून पळतो?" हेही विचारावे लागते.

भोंगा वाजवणाऱ्या गावाकडून काय शिकावे?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. करोनानंतर शाळा सुरू झाल्या, पण मुलांचे लक्ष पुस्तकात लागेना. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, तिथे महिलांची सभा झाली आणि भोंगा घ्यायचे ठरले. रोज संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो, घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद होतात आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत बंद राहतात. सुरुवातीला आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून समजावत होते. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनेही संध्याकाळचे दोन तास असेच ठरवून घेतले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने दुसरा मार्ग घेतला. ग्रामसभेने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदीचा ठराव केला.

दोन्ही गावांची तळमळ एकच आहे. पण घरात राबवायला मला भोंग्याची पद्धत जास्त सोपी वाटते. तिच्यात चार गोष्टी आहेत:

• नियम सगळ्यांना आहे. मोठ्यांचाही फोन बंद होतो. बाबा सोफ्यावर रील बघत "अभ्यास कर" म्हणत नाहीत.
• वेळ ठरलेली आहे. रोज नव्याने वाद होत नाही. आई बंद करत नाही, भोंगा बंद करतो.
• वेळ थोडी आहे. दीड तास कुणालाही जमतो.
• त्या वेळेत करायला काहीतरी आहे. अभ्यास, वाचन, गप्पा.

तुमच्या घरी भोंगा नसला तरी देवघरातला दिवा आहे, मंदिराची आरती आहे, गुरुद्वाऱ्याचा पाठ आहे, अजान आहे. अशी एखादी रोजची खूण धरा. दिवा लागला की सगळ्यांचे फोन एका टोपलीत आणि जेवण होईपर्यंत टोपलीतच. पहिल्या आठवड्यात फक्त अर्धा तास ठेवा, मग वाढवा. महिन्याभरात ते अंगवळणी पडते. खूप नियम एकदम लावू नका. जेवताना नाही, झोपताना नाही आणि दिवेलागणीला नाही, एवढे तीन पुरेत.

फोन एकदम हिसकावू नका

ही गोष्ट मी मुद्दाम वेगळी लिहितो. राग अनावर होऊन फोन हिसकावणे, आपटून फोडणे, चारचौघांत मारणे यामुळे वापर कमी होत नाही. मूल लपवायला शिकते. आणि आधीच मनातून खचलेल्या मुलाच्या बाबतीत अशी रात्र धोक्याची ठरू शकते. मोबाईलवरून झालेल्या वादानंतर मुलांनी टोकाचे पाऊल उचलल्याच्या दुःखद घटना आपल्या भागात घडल्या आहेत. त्यामागे एकट्या मोबाईलचे भांडण क्वचितच असते, पण भांडण हे शेवटचे निमित्त होऊ शकते.

म्हणून:

• नियम बदलायचा असेल तर शांत वेळी सांगा, दोन दिवस आधी सांगा. "सोमवारपासून रात्री दहानंतर फोन माझ्याकडे राहील."
• बंद करण्याआधी दहा मिनिटे आणि मग दोन मिनिटे आधी आठवण द्या. चालू खेळ संपू द्या.
• मूल चिडले तर तुम्ही आवाज वाढवू नका. त्या वेळी वाद थांबवा, दुसऱ्या दिवशी बोला.
• "मला जगायचं नाही", "मी नसलो तर बरं होईल" असे मूल म्हणाले तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका. जवळ बसून थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात नव्याने येत नाही, उलट मूल मोकळे होते.
• शेतकरी घरांत फवारणीची औषधे असतात. ती, आणि घरातल्या जास्तीच्या गोळ्या, नेहमी कुलपात ठेवा. हा नियम सगळ्याच घरांसाठी आहे.

ऑनलाइन धोके: मूल तुमच्याकडे येईल का?

अनोळखी माणसाशी मैत्री, फोटो मागणे, मग "पैसे दे नाहीतर फोटो सगळ्यांना पाठवीन" अशी धमकी. हे मुलींबरोबर होते तसे मुलांबरोबरही होते. अशा वेळी मूल सगळ्यात जास्त कुणाला घाबरते? धमकी देणाऱ्यापेक्षाही आई-वडिलांना. "तुझी शाळा बंद करीन", "फोन काढून घेईन" या भीतीने ते गप्प राहते आणि जाळ्यात खोल जाते.

म्हणून आजच मुलांना सांगून ठेवा: "काहीही झालं, तुझी चूक असली तरी, आधी मला सांग. मी रागावणार नाही, आपण मिळून बघू." तसे घडलेच तर पैसे देऊ नका, संदेश पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा. सायबर गुन्ह्याची, विशेषतः पैशांच्या फसवणुकीची, तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. १८ वर्षांखालच्या मुलांच्या लैंगिक छळासाठी पोक्सो कायदा आहे आणि त्यात मुलाची ओळख गुप्त ठेवली जाते.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. तरीही मुलगा घरातून पैसे मागत असेल, उधारी करत असेल किंवा वस्तू विकत असेल, तर हे कारण डोक्यात ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मुलाला स्वतःचा फोन कधी द्यावा?*
ठरावीक वय नाही. गरज आहे का, आणि तो रात्री स्वतःहून फोन ठेवतो का, हे पाहा. संपर्कापुरता हवा असेल तर बटणांचा साधा फोन पुरतो. इन्स्टाग्रामची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे. चौथीतल्या मुलाचे खाते खोटे वय घालून काढून देऊ नका.

*मोबाईलच्या किरणांनी कर्करोग होतो का?*
मोबाईल वापरल्याने मुलांना कर्करोग होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. झोप, डोळे, वजन आणि मन यांवरचे परिणाम मात्र रोज दिसतात. काळजी तिथे करा.

*मुलाचा फोन गुपचूप तपासावा का?*
लहान मुलाचा फोन उघडपणे तपासा आणि तसे आधी सांगा. मोठ्या मुलांशी बोलून ठरवा. गुपचूप तपासणी उघड झाली की विश्वास जातो. गंभीर धोक्याची शंका असेल तर मात्र सुरक्षितता आधी.

*आजी-आजोबा ऐकत नाहीत, काय करू?*
त्यांना दोष देऊ नका. दिवसभर मूल तेच सांभाळतात. त्यांना सोबत दवाखान्यात आणा, डॉक्टरांनी सांगितलेले पटते. आणि त्यांना पर्याय द्या: अंगणात नेणे, गोष्ट सांगणे, शेंगा सोलायला बसवणे.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

• वर दिलेली बोलण्याच्या विलंबाची लक्षणे
• सतत डोकेदुखी, टीव्ही जवळ जाऊन बघणे, फळ्यावरचे न दिसणे
• दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक किंवा स्वभावात बदल
• शाळा किंवा शिकवणी टाळणे, मित्र तोडणे, गुण एकदम घसरणे
• फोन न मिळाल्यास मारहाण, तोडफोड, घरातून निघून जाणे
• स्वतःला इजा करणे किंवा जगण्याविषयी निराशेचे बोलणे (त्याच दिवशी दाखवा)

सुरुवात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून करा. पुढे गरज पडल्यास नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत बालरोग, नेत्ररोग आणि मानसोपचार विभाग आहेत. घरबसल्या बोलायचे असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवस-रात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अति वापरासाठी खास क्लिनिक चालते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे मूल "वेडे" असणे नव्हे. बहुतेकांना समुपदेशनानेच फरक पडतो.

थोडक्यात

• तास मोजण्याआधी झोप, खेळ, जेवण, गप्पा आणि अभ्यास जागेवर आहेत का ते पाहा.
• २ वर्षांपर्यंत व्हिडिओ कॉल सोडून स्क्रीन नको.
• जेवताना, झोपताना आणि दिवेलागणीला फोन नको, आणि हा नियम मोठ्यांनाही.
• बोलण्यात उशीर दिसला तर वाट बघू नका.
• फोन हिसकावू नका. आधी सांगा, मग शांतपणे नियम पाळा.
• "काहीही झालं तरी मला सांग" हे वाक्य मुलाच्या कानावर आजच पडू द्या.

आज रात्री एकच करा. जेवायला बसताना आधी स्वतःचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. मुलाला काही सांगू नका. ते बघत असते.